बजाबाईंचा पदर

बाळे गावात महामार्गाच्या कडेला धोंडिराम यांचा फोटो स्टुडिओ आहे. काउंटरच्या काचेखाली दोन जुनी कात्रणं जपून ठेवलेली आहेत. एक कोट-टाय घातलेला पुरुष, एक काठाच्या नऊवारीतली बाई. मानेच्या वर दोघांनाही काही नाही.

"कोट म्हायती नसलेली माणसं मेल्यावर माझ्याच कोटात बसली की," धोंडिराम म्हणतात.

लग्नाची कामं मोबाइलवाल्या आणि ड्रोनवाल्या पोरांनी नेली. उरले ते ओळखपत्रांचे छोटे फोटो आणि गेलेल्या माणसांच्या तसबिरी. शेतात राबलेल्या माणसाचा एकट्याचा धड फोटो घरात सहसा नसतो. तो कुणाच्या तरी लग्नात, मागच्या रांगेत सापडतो. तिथून चेहरा कापून अशा कात्रणातल्या अंगावर बसवणं हे धोंडिराम यांचं कसब. पुण्यात नर्स असलेल्या मुलीनं, प्रतीक्षानं, त्यांच्या मोबाइलमध्ये एआयचं ॲप घालून दिलं आणि कात्री बंद झाली. आता मिटलेले डोळे उघडतात, अंधारातला चेहरा उजळतो. त्याचं त्यांना कौतुकही आहे. "आदी मी खोटं अंग लावायचो, आता ते खोटा उजेड लावतंय. फरक काय?"

हल्ली लोक आणखी मागतात. आजोबांना बोलतं करा, नातवाच्या लग्नात आशीर्वाद द्यायला लावा. ते काम धोंडिराम घेत नाहीत. कुणाचा आवाज आपण कधी काढला नाही, एवढंच त्यांचं कारण.

गेल्या उन्हाळ्यात सिद्धनाथ त्यांच्याकडे आला. गाव मोहोळकडचं, नोकरी चिंचोळीच्या कारखान्यात. आई, बजाबाई, वारली होती आणि दहाव्याला खुर्चीवर ठेवायला फोटो नव्हता. आधार कार्डावरचा चेहरा काळवंडलेला. दुसरा एकच फोटो, सिद्धनाथच्याच हळदीचा. त्यात बजाबाईंनी पदर नाकापर्यंत ओढलेला आणि त्याचं टोक दातात धरलेलं.

धोंडिराम यांनी ॲपला पदर मागं घ्यायला सांगितला. खालून एक गोरीगोमटी बाई निघाली.

"काका, ही तर बालवाडीची बाई वाटतीया," सिद्धनाथ म्हणाला.

"आईच्या तोंडावळ्याचं कोण हाय का घरात?"

"बहीण. ऋतुजा. सगळं गाव तिला दुसरी बजाबाई म्हणतंय."

होटगीला दिलेल्या या बहिणीचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता. धोंडिराम यांनी तो ॲपला दिला, वय वाढवायला सांगितलं, केस पिकवले, गाल बसवले. या वेळी सिद्धनाथनं मोबाइल हातात घेतला. स्टुलावर बसला आणि बघत राहिला. तसबीर घेऊन गेला.

दहाव्याला फोटो खुर्चीवर ठेवला, हार घातला, उदबत्ती लावली. होटगीहून ऋतुजाच्या सासूबाई मनकर्णा आल्या. खुर्चीसमोर हात जोडले आणि तसेच खाली आणले.

"माझ्या सुनंला हार कुणी घातला?"

हनुवटीवर तीळ होता. तो बजाबाईंना नव्हता, ऋतुजाला आहे. सिद्धनाथच्या ते ध्यानात आलं नव्हतं. जित्या माणसाच्या फोटोला हार म्हणजे मरण बोलावणं. मनकर्णांनी सगळ्यांदेखत हार उतरवला आणि सांगितलं की ही तसबीर या घरात असेपर्यंत सून माहेरचा उंबरा चढणार नाही. तेराव्यालाही नाही.

दुसऱ्या दिवशी मनकर्णा, ऋतुजा आणि सिद्धनाथ, तिघं स्टुडिओत आली. मनकर्णांनी तसबीर काउंटरवर पालथी ठेवली.

"ओ फोटोवाले, जितं-मेलं कळत न्हाय व्हय तुमच्या मशिनला?"

"आक्का, चूक माझी हाय. त्याला मीच तसं सांगितलं."

"मग तीळ पुसा की काका," सिद्धनाथ म्हणाला.

"तीळ पुसून माणूस बदलतंय व्हय रं?" मनकर्णांनी त्याला गप्प केलं.

धोंडिराम यांनी पुन्हा सुरुवात केली. ऋतुजाचा फोटो काढून सिद्धनाथचा दिला. आलेली बाई मिशा काढलेल्या सिद्धनाथसारखी होती. मनकर्णांना हसू आवरलं नाही, मग त्यांनी ते पदरात लपवलं. आणखी दोन चेहरे आले, दोन्ही परके. सिद्धनाथ हट्टाला पेटला होता. त्याला आईचं तोंड भिंतीवर हवं होतं. आपली लहान मुलगी मोठी होईल तेव्हा तिला आजी म्हणून काय दाखवायचं?

ऋतुजा काउंटरपाशी आली. तिनं हळदीचा मूळ फोटो हातात घेतला.

"दादा, आई कधी अशी समोर बघून उभी ऱ्हायली का रं? चार माणसं आली की पदर दातात. तसंच बोलायची, तसंच हसायची. काका, पदर उघडू नका. हाय तशी मोठी करा."

धोंडिराम यांनी मागची माणसं काढली, धूसरपणा घालवला, हळदीचा पिवळा डाग साडीवर राहू दिला. चेहऱ्याला हात लावला नाही. पडद्यावर आलं ते नाक, दातात धरलेलं काठाचं टोक आणि गालाची एक सुरकुती. डोळे पदराच्या सावलीत.

सिद्धनाथ मनकर्णांकडे बघू लागला.

"ही विहीणबाई," त्या म्हणाल्या. "मला तर कायम अशीच दिसली. भांडताना बी."

तेराव्याला हार त्या फोटोला पडला आणि ऋतुजानं आईच्या चुलीवर स्वयंपाक केला.

त्याआधी स्टुडिओत पालथी पडलेली ती जुनी तसबीर धोंडिराम फोडायला निघाले होते. मनकर्णांनी ती ओढून घेतली आणि पदरानं काच पुसली.

"फोडताय कशाला? हार काढला की झालं. सून म्हातारी व्हईल तवा मी काय बघायला न्हाय. आत्ताच बघून घेते."

"आत्या, द्या ती हिकडं," ऋतुजा लाजून म्हणाली.

"गप. सासूवर गेलीस की गं म्हातारपणी."

तसबीर होटगीला गेली. धोंडिराम आता तसबिरीचं काम घेताना आधी विचारतात: गेलेलं माणूस चारचौघांत कसं उभं राहायचं? चेहऱ्याचं नंतर.