तात्यांनी दिलेला ए

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका ऊस-ट्रॉलीची साखळी बदलत होतो. आदल्याच दिवशी त्यांनी तिच्या फळीवर खडूनं इंग्रजी ‘ए’ लिहिला होता, पुढचा ‘एक’ राखून ठेवला होता. “साखळी बदल, उद्या येतो,” म्हणाले होते...

इंग्रजीचे निवृत्त मास्तर असलेले तात्या माझ्या वेल्डिंगच्या शेडात काय करतात, असं लोक विचारायचे. चूक माझीच. माळेगावात शेड टाकलं आणि हौसेनं पाटी रंगवली, ‘ए-वन ट्रॉली वर्क्स’. मी त्यांचा जुना विद्यार्थी, तोही शेवटच्या बाकावरचा. तात्या पाटीखाली थबकले. “अर्थ ठाऊक हाय का रं?” मी म्हणालो, “व्हय की, लई भारी.” मग भर उन्हात तास सुरू झाला. पूर्वी लंडनात जहाजांचा विमा उतरवणारे एक वही ठेवायचे. जहाजाच्या सांगाड्याला अक्षर, नांगर-दोरखंडाला आकडा. दोन्ही पक्कं असलं तर ए आणि एक. “कौतुक न्हवतं ते. जहाज बुडंल ह्या धास्तीनं लिवायचे. पुन्हा तपासायचे, आन् दिलेला ए काढून बी घ्यायचे.” पुढं चहापासून बासुंदीपर्यंत सगळंच ए-वन झालं, धास्ती तेवढी गळाली.

तेव्हापासून दर गाळपाआधी तात्या सणसरहून हातोडी घेऊन हजर. जोड ठोकून आवाज ऐकायचे. सांगाड्याला ए; हूक, पिन, साखळीला एक. गिऱ्हाईक ताटकळायचं, मी मनात चरफडायचो.

तात्यांचे दिवस झाल्यावर त्या ट्रॉलीचा मालक ती न्यायला आला. “मास्तरांनी ए दिलाय की, आता काय बघतूस?” तरी मी त्यांची हातोडी उचलली. मागच्या जोडाला बद्द आवाज आला. पुन्हा ठोकलं, पुन्हा बद्द. केसाएवढी चीर होती. गेल्या वर्षापासून तात्यांना कमी ऐकू यायचं, हे मला कळत होतं. बोललो नाही. मास्तरांना कसं सांगायचं, म्हणून गप्प बसलो, याची आता लाज वाटते.

ओल्या फडक्यानं त्यांचा ए पुसला. 

या मोसमात त्यांच्या ए-वर सोडलेल्या सात ट्रॉल्या माघारी बोलावल्यात. सहा आल्या. सातवीच्या मालकाचा फोन लागत नाही. हे लिहिताना तात्यांची हातोडी शेजारी आहे आणि कान रस्त्याकडे.