हमीदाआपा आणि टाकी बांधणाऱ्या बायका

फोन चंद्रकलाचा होता. कवठे येमाईजवळच्या वडारवस्तीवरची चंद्रकला एरवी इतकं मोठ्यानं बोलते, की फोन कानापासून लांब धरावा लागतो. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "ताई, आपा गेल्या..." मी दौंडला आपांच्या घरी पोचले, तेव्हा पुरुषमंडळी कब्रस्तानातून परतत होती. आता दीड महिना होत आला, तरी शिरूरला एसटीत चढल्यावर मी शेजारची जागा धरून ठेवते.

हमीदाआपा रेल्वेतल्या गार्डची लेक. नव्वदच्या दशकात शाळेतली पक्की नोकरी सोडून त्या वस्त्यावस्त्यांवर हिंडू लागल्या. राहू गावची मी, नुकती बारावी झालेली, त्यांच्याबरोबर निघाले. खडीची मशिनं आल्यापासून वडारांच्या हातोड्याला काम उरलं नव्हतं. आपांनी चंद्रकलासह सहा बायकांना पाबळच्या प्रशिक्षण केंद्रात नेऊन जाळी-सिमेंटची पाण्याची टाकी बांधायला शिकवून आणलं. पण काम देणार कोण? बायका गवंडी, त्यातून वडार... शेवटी कवठ्याच्या एका बागायतदारानं, आप्पांनी, आपांच्या भिडेखातर मळ्यात टाकी बांधू दिली. ती भरली आणि तासाभरात बुडातून पाझरू लागली. बांधावर जमलेले लोक हसले. "म्हनलं न्हवतं? बायांचं काम न्हाई हे," आप्पा म्हणाले. चंद्रकलानं थापी फेकली आणि वस्तीकडं चालू लागली.

आपांनी तिला हाक मारली नाही. "आप्पा, चार दिवस द्या. तरी गळली तर मी स्वतः फोडून जागा साफ करून देते," म्हणाल्या. पाणी सोडून दिलं, पदर खोचला आणि टाकीत उतरून छिन्नीनं गिलावा काढू लागल्या. जन्मात कधी छिन्नी धरलेली नव्हती, हातोडी बोटावर बसली, रक्त आलं. चंद्रकला अर्ध्या वाटेतून परत फिरली. "सरका आपा, तुम्हाला न्हाई जमायचं!" आणि छिन्नी हिसकावून घेतली. पुढं कितीतरी वर्षांनी मी विचारलं, तिला परत आणायला मुद्दाम मारून घेतलंत ना? "वेडी आहेस का? किती दुखलं मला!"

नव्यानं गिलावा करून टाकी पुन्हा भरली तेव्हा आप्पांनी वाकून बुडाला हात लावून पाहिला. "कोरडं हाय," ते पुटपुटले. मग आपांना म्हणाले, "राहूला आमच्या पाव्हण्यांना एक पायजे. जमंल का?"

"मला काय विचारता? गवंडी त्या आहेत."

आप्पा घुटमळले. मग चंद्रकलाकडं वळले. "येशील का, बाई?"

त्यानंतर भीमेच्या दोन्ही अंगांना या बायकांनी किती टाक्या बांधल्या! आपा मात्र कोणाच्याही घरी गेल्या की आधी पाणी मागायच्या. ज्यांच्या घरचं पाणी गाव पीत नाही, तिथं तर हटकून. बसायच्या, सगळं पाणी संपवायच्या, मगच कामाचं बोलायच्या.

परवा वस्तीवर एकटीच गेले. चंद्रकलानं सवयीनं दोन पेले भरून आणले. मी एक घेतला. दुसरा तिनं परत नेला नाही. उंबऱ्यावर टेकली आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत, स्वतःच प्याली.