रक्तात काहीच नव्हतं

"तांडेल, चक्कर जाईल. उजवा कान परत येईल याची खात्री मी देत नाही."

पालघरच्या दवाखान्यात कानाचे डॉक्टर असं म्हणाले, तेव्हा आमचे हे चक्क हसले. चक्कर जाणार, एवढंच त्यांच्या डोक्यात शिरलं. माझ्या डोक्यात मात्र कानच राहिला.

हे तांडेल, होडीचे प्रमुख. घोळ मासा पाण्यात आवाज करतो. इंजिन बंद करून हे होडीच्या काठावरून वाकून ऐकतात आणि हात करतील तिकडे जाळं जातं. नवापुरात सगळ्यांना ठाऊक आहे, आमच्या घरची चूल यांच्या कानांवर पेटते.

सुरुवात झाली ती हे दर्यावरून परतले त्या दिवशी. ओट्यावर चढताना त्यांनी भिंत धरली. सगळं गरगर फिरतंय म्हणाले, उजवा कान बंद झाल्यासारखा वाटतोय म्हणाले. कुणीही घाबरलं नाही. होडीतून उतरलेल्या माणसाला एखादा दिवस जमीन हलल्यासारखी वाटतेच. माझे दीर रमेशभावजी ओरडले, "दर्या घरी घेऊन आला काय? झोप जरा, उतरंल." आम्ही सगळे हसलो. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

उलट्या थांबेनात तेव्हा बोईसरला नेलं. चक्करच्या गोळ्या मिळाल्या, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड, सगळं नॉर्मल. मी देवापुढे साखर ठेवली. रक्तात काही नाही म्हणजे माणसाला काही नाही, असं आम्ही धरून चाललो. चक्करपुढे कानाचं सांगायचंच राहून गेलं. आठवडा तसाच गेला. हे खाटेची कड घट्ट धरून पडायचे. डोळे उघडले की छप्पर फिरायचं.

मग एकदा फोन आला. यांनी तो उजव्या कानाला लावला आणि माझ्याकडे टाकला, "बिघडला हाय." मी कानाला लावला, तर पलीकडून माझी नणंद हाका मारत होती.

त्यानंतर पालघर गाठलं. तिथे ऑडिओमेट्री झाली, म्हणजे हेडफोन लावून बारीक-मोठे आवाज ऐकवतात आणि ऐकू आला की बोट वर करायचं. मी काचेतून बघत होते. डाव्या कानाला बोट पटापट वर जात होतं. उजव्या कानाची पाळी आली. हे बोट तयार ठेवून शहाण्या मुलासारखे बसून राहिले. ते बोट हललंच नाही.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं लॅबिरिन्थायटिस, म्हणजे कानाच्या आतल्या भागाला आलेली सूज. तोल सांभाळायचं आणि ऐकायचं, दोन्ही कामं तिथेच चालतात. स्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणारं औषध, सुरू झालं. कानाच्या पडद्यातून सुयाही दिल्या. पुन्हा रक्त काढायला लागले तेव्हा माझा तोल सुटला. "रक्त तर चांगलं आलं होतं ना? आता त्यात काय शोधताय?"

डॉक्टर रागावले नाहीत. "ताई, याला बायोमार्कर म्हणतात, म्हणजे रक्तात दिसणाऱ्या आजाराच्या खुणा. चक्कर येणाऱ्यांच्या रक्तात कोणत्या खुणा दिसतात, यावर अभ्यास चालू आहे. पण आज तरी रक्त फार तर सूज आहे एवढं सांगेल. ती कुठे आहे, ते सांगणार नाही. त्यासाठी कानच तपासावा लागतो."

या वेळी सीआरपी, म्हणजे सुजेची खूण, वाढलेली निघाली.

चक्कर हळूहळू गेली. मान फिरवायचे व्यायाम करत हे किनाऱ्यावर माझा खांदा धरून चालले, मग खांदा सोडून चालले. कान आला नाही. पुन्हा ऑडिओमेट्री केली, तेव्हा मी काचेकडे पाठ करून बसले.

डॉक्टरांचे उपकार आहेत, त्यांनी खोटी आशा लावली नाही. माझ्यासारख्या बायकांना हात जोडून सांगते, माणूस गरगरतोय आणि त्याचा एक कान अचानक बंद झाला, तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे न्या. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला तरी न्या.

बरे झाल्यावर हे रमेशभावजींबरोबर पहिल्यांदा दर्यावर गेले. परत आले तेव्हा जाळं कोरडं होतं.

मी विचारलं, "घोळ बोलली नाय?"

"बोलली. चांगली मोठ्यानं बोलली." हे ओट्यावर बसले. "सगले माझ्या हाताकडं बघत होते. कुठून बोलते, तेच समजत नाय."