अण्णांचं सेव्हन

"हात लावायचा न्हाई. तोंडानं सांगायचं."

दुकानात पाऊल टाकलं की अण्णांचं पहिलं वाक्य हे. उजवा हात माऊसवर, डावा तळहात सीपीयूच्या डोक्यावर. मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. नसरापूरहून मोटारसायकलवर विंझरला जायचं ते तोंडाने सांगायला. मग स्क्रूड्रायव्हर खिशात घालून त्यांच्या पाठीमागे उभं राहायचं आणि "डावीकडं या, अजून खाली, हां, तिथं दोनदा दाबा" असं करत अर्धा तास घालवायचा. माझ्या हाताने ते काम दोन मिनिटांचं होतं.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला हा माणूस आवडायचा नाही. त्यांनाही मी आवडायचो नाही. ते आता नाहीत म्हणून मी गोडगोड लिहीन अशी कुणाची अपेक्षा असेल तर ती इथेच सोडावी. इथे त्यांना अहो-जाहो करतोय तेही लिहिण्यापुरतं. परतीच्या वाटेवर हेल्मेटच्या आत मी त्यांना अरे-तुरेच करत असे.

विंझरला रस्त्यालगतच्या एका गाळ्यात त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं आणि मुख्य म्हणजे वंशावळी. कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची मुलगी याचा तक्ता. आमच्याकडे जमिनीच्या कुठल्याही कामाला तो लागतो. आसपासच्या गावांतली बहुतेक घरं अण्णांनी टाईप केलेली होती. आणि एकदा टाईप केलेलं ते पुसत नसत. दहा वर्षांनी कुणी आलं, "अण्णा, आमचं मागलं काढा," की ते चष्मा वर सारून कागद काढून देत. त्या कागदाला कायद्याने फारशी किंमत नव्हती. पण मूळ कागद कधी केला, कुठल्या कचेरीत दिला हे खाली टिपलेलं असे, त्यावरून सहीशिक्क्याची नक्कल मिळवता येई. त्यामुळे नवी दुकानं निघाली तरी माणसं फिरून विंझरला येत.

येत, पण शिव्या खाऊन जात. चार-पाच भाऊ वंशावळ करायला बसलेत आणि मी मागे उभा आहे, असं अनेकदा झालंय. सगळी नावं सांगून झाली की अण्णा बोटं कळफलकावरून उचलायचे.

"पोरी कुठंयत?"

"पोरी दिल्यात की अण्णा. आपापल्या घरी सुखात हायेत."

"मेल्यात का?"

"न्हाई वो, मरतील कशाला."

"मग नावं सांगा. न्हायतर उठा."

भाऊ एकमेकांकडे बघायचे. कुणी चिडून उठून जायचा, थोड्या वेळाने परत यायचा, आणि मग बहिणींची नावं जड जिभेने सांगितली जायची. तुम्ही म्हणाल, केवढा न्यायी माणूस. तेव्हा मला तसं काही वाटलं नाही. मला वाटायचं, याला कुणाशी तरी भांडल्याशिवाय अन्न पचत नाही, आज त्यांची पाळी, उद्या माझी.

माझं त्यांचं भांडण सेव्हनवरून होतं. त्यांच्या मशीनवर विंडोजची सेव्हन ही जुनी आवृत्ती होती. जगात टेन येऊन जुनं झालं तरी अण्णा सेव्हनवरच. सरकारी अर्ज ऑनलाईन झाले आणि त्यांतले बरेच त्या मशीनवर उघडेनात. माणसं टाईप अण्णांकडे करत आणि अर्ज भरायला पुढे वेल्ह्याला जात. तिथल्या दुकानात टेन मीच टाकलं होतं, आणि ही गोष्ट मी अण्णांना दर फेरीला ऐकवायचो.

"सेव्हनला आता कुणी विचारत नाही, अण्णा."

"मलाबी कुणी इचारत न्हाई. मग मलाबी बदलताय का?"

"टेनमध्ये सगळं सोपं आहे."

"कुणाला सोपं?"

एकदा मी माझा लॅपटॉप नेऊन टेन दाखवलं. रंगीत चौकोन, त्यांत हलणारी चित्रं. अण्णांनी लांबूनच पाहिलं. म्हणाले, "ही तर जत्रंत दुकानं मांडल्यात. ह्यात काम कुठं करायचं?" गाळ्यात बसलेली दोन माणसं हसली. मी लॅपटॉप मिटला. त्या दिवसापासून मनात धरलं, याला टेनवर आणायचंच. त्यांच्या भल्यासाठी नाही. त्यांची जिरवायची म्हणून.

ते मला 'इंजिनेर' म्हणायचे. मी इंजिनिअर नाही, बारावीनंतर एक कोर्स केलाय, आणि हे त्यांना पक्कं माहीत होतं.

दोनेक वर्षं अशी हुज्जत चालली. मग एका सकाळी त्यांचा फोन आला. "इंजिनेर, या. टाका तुमचं टेन." आवाज पडलेला होता. गिऱ्हाईक दिवसाला एक-दोनवर आलं होतं. मला आनंद झाला हे लपवत नाही. विंझरला पोचेपर्यंत शीळ घालत गेलो.

अण्णांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "माझं समदं राहील ना? लिवून द्या." दुसरं कुणी असतं तर मी हसून सोडलं असतं. पण मला त्या दिवशी जिंकायची घाई होती. 'नवीन सिस्टिम टाकताना सर्व फाईली सुरक्षित राहतील' असं लिहून खाली झोकात सही केली. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला, आणि मी पहिल्यांदाच त्यांना त्या खुर्चीवरून उठताना पाहिलं. सीपीयूवरचा हात त्यांनी काढून घेतला आणि बाजूच्या बाकावर जाऊन बसले.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. कॉम्प्युटरच्या साठ्याचे दोन भाग असतात, सी आणि डी. सीमध्ये सिस्टिम, डीमध्ये माणसाच्या फाईली. नवी सिस्टिम टाकताना सी पुसायची आणि डीला हात लावायचा नाही. मी डी उघडून पाहिली. लग्नपत्रिका, अर्ज, सत्काराची पत्रं, फाईलीच फाईली. म्हटलं, आहे सगळं. सीमध्ये डोकावून बघायला दोन मिनिटं लागली असती. बघितलं नाही. विचारलंही नाही. त्यांच्याशी भांडून भांडून मी त्यांना काही विचारायचंच सोडून दिलं होतं. सी पुसली आणि टेन टाकलं.

दुपारी सगळं सुरू झालं. अण्णा खुर्चीत बसले. "माझं कुठंय?"

"डीमध्ये. हे बघा."

त्यांनी पाहिलं आणि माऊसवरचा हात मागे घेतला. "हे माझं न्हाई. हे धाकट्याचं."

ते दुकान आधी दोघा भावांचं होतं. पटेना म्हणून चार माणसं बसवून वाटणी झाली. गाळा थोरल्याला म्हणजे अण्णांना, प्रिंटर धाकट्याला, खुर्च्या निम्म्या निम्म्या. कॉम्प्युटर काही मधोमध कापता येईना, तेव्हा आतली वाटणी केली. सी थोरल्याची, डी धाकट्याची. वर्षभरात धाकटा वरवे बुद्रुकच्या बाजूला कंपनीत लागला, तो या दुकानात पुन्हा आला नाही. त्यालाही आठ-दहा वर्षं झालेली. पण अण्णांनी डीमध्ये एक फाईल ठेवली नव्हती. सी गच्च भरली, मशीन रडायला लागलं, तरी नाही. मशीन हळू का चालतं म्हणून मी कितीदा तरी डोकं खाजवलं होतं, त्याचं उत्तर हे होतं.

"रिकामी पडली होती निम्मी!" मी ओरडलोच. "का नाही ठेवलंत तिथं?"

"लोकांची वाटणीपत्रं म्या लिवतो," अण्णा म्हणाले. "आन भावाचा बांध मीच कोरू?"

मला त्यांचा भयंकर राग आला होता. बाकी गाळ्यात कुणी नव्हतं ते बरं झालं.

ती डिस्क काढून मी नसरापूरला आणली. पुसलेलं परत मिळवायची सॉफ्टवेअर असतात, ती सगळी चालवली, आठवडाभर दुसरं काम घेतलं नाही. वरून टेन बसल्यामुळे बरंचसं गेलेलं. जे आलं त्याला नावं नव्हती आणि एकेक पान कुठेतरी अर्ध्यात तुटलेलं. आज्ज्याचं नाव आहे, पुढची ओळ म्हणजे नुसत्या खुणा. एक प्रत माझ्याकडे ठेवून मी डिस्क आणि ते सगळं घेऊन विंझरला गेलो आणि म्हटलं, निदान हे तरी डीमध्ये ठेवू. मीच धाकट्याला फोन लावला. भाऊ हसला. "कसली डी? म्या कवाच इसरलो. आजून राखलीय व्हय त्यानं?" मग म्हणाला, "वापर म्हनावं." अण्णांना निरोप सांगितला. त्यांनी विचारलं, "लिवून दिलंय का त्यानं?" अशा माणसाचं काय करायचं तुम्हीच सांगा.

दुसऱ्या आठवड्यात मी तिथून जात होतो तर दुकानाच्या काचेवर माझा कागद. आतून चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेली. 'सर्व फाईली सुरक्षित राहतील', खाली माझी झोकातली सही. वेल्ह्याच्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. मी मोटारसायकल थांबवून आत गेलो.

"काढा तो कागद."

"खोटं लिवलंय का त्यात काय?"

"अण्णा, माझा धंदा आहे."

"माझाबी व्हता," म्हणाले, आणि टाईप करायला लागले.

वर्षभर तो कागद तिथे होता. मला विंझरमध्ये काम मिळणं बंद झालं. त्या वर्षात मी त्यांना इतके शाप दिले की त्यातला एक जरी लागला असता तर गाळा कोसळला असता. आणि ते टेनवर काम करायला शिकले, कुणालाही न विचारता, चुकत, बडबडत. आलेल्या प्रत्येक घराची वंशावळ पहिल्यापासून नव्याने लिहायला घेतली. पण आता सगळीच माणसं येत नव्हती. ज्यांना मागलं काढायचं होतं ती हळहळून गेली. ज्यांना मागलं नको होतं, ती अण्णांकडे फिरकलीच नाहीत. ती दुसरीकडे गेली आणि फक्त मुलग्यांची नावं सांगून कागद करून आली.

हे मला कसं कळलं तेही सांगतो. नसरापूरला चहाच्या टपरीवर एका ओळखीच्या माणसाने माझ्या पाठीवर थाप मारली. "बरं केलंत बघा. लई जुनं उकरत व्हता म्हातारा. आमचं तर काम सोपं झालं." वर माझ्या चहाचे पैसेही त्यानेच दिले. तो चहा मी प्यायलो.

मग अण्णा आजारी पडले आणि गेले. धाकट्याचा फोन आला होता. मी मातीलाही गेलो नाही आणि दहाव्यालाही नाही. लोक माझ्याकडे कसे बघतील ही भीती होती. शिवाय खरं सांगायचं तर राग गेला नव्हता, अजूनही पुरता गेलेला नाही. आज त्या गाळ्यात मोबाईलचं दुकान आहे.

मागच्या महिन्यात एक बाई माझ्या दुकानात आली. पन्नाशीची असेल. माहेर विंझरच्या शेजारच्या वाडीतलं, दिलेली आंबवड्याला. दोन एसट्या बदलून आली होती. अण्णांची डिस्क माझ्याकडे आहे असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. माझ्याकडे होती ती त्या तुटक्या पानांची प्रत.

"आमच्या वडलांनी त्यांच्याकडं वंशावळ केली व्हती," ती म्हणाली. "माझं नाव हाये त्यात. भाऊ म्हनतोय, तुझं नाव कवा लिवलंच न्हाई. कुठल्या कचेरीत दिली, कवा दिली, वडलांनाच ठावं, आन वडील आता न्हाईत. तेवढी तारीख बघून द्या, दादा. म्हंजी मला नक्कल मागता यील."

मी तिला पाणी दिलं. वडलांचं नाव विचारून घेतलं आणि ती तुटकी पानं उघडून बसलो. दुपारभर शोधलं. ती बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसून होती, एकदाही घाई केली नाही. वडलांचं नाव एका पानावर सापडलं. त्याखाली थोरल्या भावाचं नाव होतं. त्याखाली नुसत्या खुणा.

"नाही मिळत," मी म्हणालो.

"कसं काय गेलं?"

मला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "जुनं मशीन होतं त्यांचं. बदला बदला म्हणून दोन वर्षं सांगत होतो. हट्टी माणूस, कुणाचं ऐकायचे नाहीत."

"व्हय, हट्टीच व्हते," ती म्हणाली. पिशवी काखेत घेऊन उठली. "माझ्या वडलांनीबी माझं नाव सांगितलं नव्हतं. अण्णांनीच हट्ट करून लिवायला लावलं."

मग तिने मला शेवटची एसटी किती वाजता असते ते विचारलं. मी वेळ सांगितली आणि ती निघून गेली.