देव्हाऱ्यातला ओडिन

पोलादपूरच्या डोंगरवाडीतल्या मैनाकाकूला मळका देव खपत नाही. तिच्या सुनीलने मुंबईहून संग्रहासाठी घेतलेलं चांदीचं नाणं आणलं. त्यावर नॉर्स लोकांचा देव ओडिन, एका डोळ्याचा, खांद्यांवर दोन कावळे. काकूने ते चिंचेने लखलखीत घासून देव्हाऱ्यात चांदीच्या टाकांशेजारी मांडलं.

सुनील किंचाळला, “आये, कलेक्शनचं नाणं घासत नाय गो! व्हॅल्यू गेली! दे इकडं!”

“मग काय देव पारोसा ठेवू? कावळे हायत, म्हंजे पितरांतलाच कोनतरी. थांब, कौल लावते. उजवी पाकळी आधी पडली तर ने.”

तिने नाण्यावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. डावी पडली.

“आये, बेस्ट ऑफ थ्री!”

“मेल्या, देवासंगं म्याच खेळतोस?”

काकूने ओडिनला दहीभात दाखवला. सुनीलने संग्रहासाठी नाण्याचा नुसता फोटो काढून घेतला.