दोघींचा सेंट
वाळ्याचा वास आला की मला लढाईच्या काळातलं कोरेगावचं आमचं घर आठवतं. मालक पलटणीबरोबर मिसरात, म्हणजे इजिप्तला होते, तिथून त्यांनी मला सेंटची बाटली धाडली होती. मी आणि थोरल्या जाऊबाई, दोघींना सुगंधाचं वेड. त्या सेंटात कधी वाळ्याचं, कधी केवड्याचं अत्तर मिसळून आम्ही मनगटाला लावायचो आणि हुंगत बसायचो. एकदा मी वाळ्याबरोबर चंदनाचा थेंब घातला आणि भिजल्या माठासारखा गार, तरी गोड असा वास जमून आला. "ह्यो आपल्या दोघींचाच गं, कुणाला सांगायचं न्हाई," जाऊबाई म्हणाल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र त्याच तो बायकांच्या हाताला लावत होत्या. एकीनं विचारलं, "लय ग्वाड वास हाय, कुणी केला?" "म्याच की. हिला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणून त्यांनी पाव्हणीला लावावा तसा माझ्याही मनगटाला लावला. मी परसात जाऊन हात राखेनं घासला, तरी वास हटेना. आता नातसून नवनव्या सेंटच्या बाटल्या आणते आणि यातला कुठला चांगला, म्हणून विचारते. मी सगळे हुंगते, मनाशी एक ठरवते, पण तिला सांगत नाही.