सासूचा माग

आर्वो आमचा शेजारी. कुहमो गावाच्या रस्त्याला, घरामागेच त्याचं गॅरेज होतं. तिथे चाळीस वर्षं त्याने गावाचे ट्रॅक्टर दुरुस्त केले. फरशीतला गारठा पायांत चढू नये म्हणून खाली फळ्या, पायांत लोकरीचे जाड बूट. नट आवळायचे पाने शेगडीवरच्या पत्र्यावर ठेवायचा, कारण गार लोखंडाला कातडी चिकटते. शेगडी विझली की काम थांबलंच.

त्या जानेवारीत पारा उणे चौतीसवर गेला. रस्त्यावरचं बर्फ सारणारा ट्रॅक्टर नेमका तेव्हाच बिघडून त्याच्याकडे आला. तो चालू झाल्याशिवाय आमची कोणाचीच गाडी फाटकाबाहेर निघणार नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी आर्वोचं सुकं सरपण संपलं. ओलं बर्चचं लाकूड नुसतं धुमसत होतं. बोटं इतकी बधिरली की नट हातात आहे की खाली पडला, हे बघूनच कळे. मागच्या भिंतीशी ताडपत्रीखाली जुन्या लाकडांची चळत होती. त्याने एक ओढलं, कापलं, आत घातलं. ते असं पेटलं की बास! दुसरं कापताना करवतीखाली कोरलेली अक्षरं आली. सासूचं नाव. बायकोच्या, हेल्वीच्या आईचा हातमाग होता तो, सुटा करून ठेवलेला.

"तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं," आर्वो मला नंतर म्हणाला. "पण वाटलं, अर्धा माग तसाही काय कामाचा? दोन दिवस त्याच्यावर ऊब घेतली, ट्रॅक्टर चालू केला. सगळा जाळला."

एप्रिलमध्ये हेल्वीला चिंध्यांच्या सतरंज्या विणायची हुक्की आली.

"अरे, आईचा माग कुठेय?"

"पानगळीत ताइस्तोने भंगार नेलं ना, त्यात गेला असेल." आर्वोच्या तोंडून निघून गेलं.

ताइस्तो हेल्वीचा थोरला भाऊ. पंच्याहत्तरीचा, एकटा, जरा विसराळू झालेला. हेल्वीने तिथल्या तिथे फोन लावला. "आईचा माग फेकून दिलास? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

 ताइस्तो म्हणाला, "फेकला असेन गं. आठवत नाही. हल्ली माझं काही खरं नाही."

आर्वो तिथेच बसून सगळं ऐकत होता.

त्यानंतर ताइस्तो सगळं चिठ्ठ्यांवर लिहायला लागला. चूल विझवली का, दार लावलं का. गाडी चालवणं त्याने सोडूनच दिलं. नोव्हेंबरात मीच त्याला माझ्या गाडीतून आर्वोकडे सोडलं, मागे बर्चच्या फळ्या.

"माझ्या हातून गेला, तर मीच नवा करून देतो," तो आर्वोला म्हणाला. "तुझ्याकडे ऊब असते. बसू दे."

तीन आठवडे म्हातारा रंधा मारत होता आणि आर्वो शेगडीत लाकडं सारत होता. "किती पेटवशील! मी काय पाव आहे भाजायला?" ताइस्तो चिडवायचा. आर्वोला हसू येत नसे. त्याची झोप उडाली, अन्न गोड लागेना. हेल्वी डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागली.

एक दिवस ताइस्तो रंधा हातात धरून थांबला. "मला आईच्या मागाचं माप न् माप आठवतं रे. कुठे भोकं होती तेसुद्धा. मग फेकल्याचंच कसं आठवत नाही?"

आर्वोने हातमोजे काढले. "तू फेकलाच नाहीस. मी जाळला. या शेगडीत."

आता हा मारणार, असं आर्वोला वाटलं. मारलं असतं तर बरंही वाटलं असतं. पण म्हातारा मटकन खाली बसला. "म्हणजे माझं डोकं शाबूत आहे?" एवढं म्हणून तो रडायलाच लागला. "आठ महिने भीतीने अर्धा झालो रे, गाढवा!"

आर्वो तसाच घरात गेला आणि त्याने हेल्वीला सगळं सांगितलं.

"माग जाळलास ते मी समजून घेतलं असतं," ती म्हणाली. "थंडी मलाही कळते. पण माझ्या भावाला माझ्याच तोंडून शिव्या घालायला लावल्यास." अंगात कोट चढवून ती भावाकडे गॅरेजात निघून गेली.

ख्रिसमसपर्यंत ती आर्वोशी कामापुरतंच बोलली. माग उभा राहिला. पहिली सतरंजी ताइस्तोच्या घरी गेली, आणि ती न्यायला तो स्वतः गाडी चालवत आला.

हेल्वीने माफ केलं का, असं मी आर्वोला एकदा विचारलं.

"मी तिला विचारलेलंच नाही," तो म्हणाला. "विचारलं तर हो म्हणेल. ते मला पचायचं नाही."